बरंबा : क्वीन्सलँडच्या नकाशावरून गेलेला एक ग्रामीण मतदारसंघ

तांबडमाती

किंगरॉयमध्ये कोणालाही इथला इतिहास विचारला की दोन मिनिटांत विषय जो ब्येल्की-पीटरसनवर येतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचा १९६८ ते १९८७ असा १९ वर्षं प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री. त्याच्यावर इतकं लिहिलं-बोललं गेलंय की मी त्यात भर घालायची गरज नाही. पण तो ज्या मतदारसंघातून निवडून यायचा तो बरंबा, तिथे राहणारी माणसं, त्यांनी कधी कोणाला मत दिलं, कोणाला मत द्यायचा हक्कच नव्हता, हे सगळं त्याच्या चरित्रात दोन ओळींत उरकतात. मला ते खटकतं. मतदारसंघाचा इतिहास म्हणजे आमदाराचा इतिहास नव्हे. म्हणून हा धागा. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी जागा सांगते. ब्रिस्बेनहून वायव्येला दोनेकशे किलोमीटरवर साउथ बर्नेट नावाचा पट्टा आहे. तांबडी माती, शेंगदाणा, मका, गुरं, आणि एकेकाळी घरोघरी दुधाचा धंदा. किंगरॉय, नॅनँगो, वाँडाय, मर्गन ही मुख्य गावं. मर्गनला अगदी लागून शेरबर्ग. मूळची ही वाक्का वाक्का लोकांची भूमी. बरंबा हे इथल्या ओढ्याचं नाव, नंतर एका मोठ्या स्टेशनचं (स्टेशन म्हणजे इकडे शेकडो चौरस किलोमीटरचा गुरा-मेंढरांचा मळा), मग एका सरकारी वस्तीचं, आणि १९५० पासून विधानसभेच्या मतदारसंघाचं.

१९५० च्या आधी इथल्या जागेचं नाव नॅनँगो होतं. जो १९४७ मध्ये शेतकऱ्यांच्या कंट्री पार्टीकडून नॅनँगोमधूनच पहिल्यांदा विधानसभेत गेला. १९४९ ला मतदारसंघांची फेररचना झाली, नॅनँगो गेलं, बरंबा आलं. २००१ च्या निवडणुकीला उलटं झालं, बरंबा गेलं आणि नॅनँगो परत आलं. मधल्या ५१ वर्षांत बरंबाने आमदार पाहिले फक्त तीन. जो ब्येल्की-पीटरसन, मग ट्रेव्हर पेरेट, मग डोरोथी प्रॅट. त्यातला पहिला एकटाच १९५० ते १९८७.

आता जो कोण, थोडक्यात. जन्म १९११, न्यूझीलंडमध्ये, आईवडील डॅनिश वंशाचे, वडील लुथरन पाद्री. तो दोनेक वर्षांचा असताना कुटुंब किंगरॉयला आलं. लहानपणी पोलिओ झाला, पाय थोडा अधू राहिला, शाळा लवकर सुटली. शेंगदाणा लावला, पुढे दोन बुलडोझरमध्ये जाड साखळी ताणून झाडंच्या झाडं पाडायची, जमीन साफ करून द्यायची, विमानातून बी पेरायचं आणि फवारणी करायची असे कंत्राटाचे धंदे उभे केले. कित्येक वर्षं गोठ्यात राहून पैसा जमवला. बरंबाच्या शेतकऱ्याला हा माणूस आपला वाटला यात नवल काहीच नाही, तो खरोखरच त्यांच्यातलाच होता. हे मी मुद्दाम लिहितेय कारण शहरातली मंडळी बरंबाच्या मतदारांना सरसकट अडाणी ठरवून मोकळी होतात, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

पुढचं झोनचं प्रकरण, शेरबर्ग आणि १९८८ ची पोटनिवडणूक प्रतिसादांमध्ये लिहिते.

शेवंती

ताई छान सुरुवात. मेलबर्नला राहून इतकी वर्षं झाली पण क्वीन्सलँडचं राजकारण म्हणजे माझ्यासाठी पूर्ण अंधार. एक बेसिक प्रश्न, तिकडे विधान परिषद नाही का? आमच्या व्हिक्टोरियात दोन सभागृहं आहेत.

तांबडमाती

नाही, आणि हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. क्वीन्सलँडने आपलं वरचं सभागृह १९२२ मध्ये रद्द केलं, लेबर पक्षाच्या सरकारने. ऑस्ट्रेलियातलं असं हे एकमेव राज्य. म्हणजे ज्याच्याकडे विधानसभेत बहुमत त्याला अडवणारं दुसरं काहीच नाही. त्यामुळे विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमा कोण आणि कशा आखतो यावरच सगळं ठरायचं.

तर झोन. लोकांना वाटतं की ग्रामीण मताला जास्त वजन ही जोची करामत. खरी सुरुवात १९४९ ची, आणि ती केली नेड हॅनलनच्या लेबर सरकारने. जागा ६२ वरून ७५ केल्या आणि राज्याचे चार झोन पाडले, ब्रिस्बेन महानगर, दक्षिण-पूर्व, उत्तर आणि पश्चिम. प्रत्येक झोनचा कोटा वेगळा. ब्रिस्बेनच्या एका जागेमागे साधारण पावणेअकरा हजार मतदार आणि पश्चिमेच्या जागेमागे साडेचार हजारांच्या थोडं वर. म्हणजे पश्चिमेतल्या एका मताला ब्रिस्बेनच्या दोन मतांहून जास्त किंमत. लेबरने हे का केलं, तर तेव्हा पश्चिमेत आणि उत्तरेत मेंढ्यांची लोकर कातरणारे, खाणवाले, रेल्वेवाले, ऊसतोड कामगार सगळे लेबरचे होते. लगेच फळही मिळालं, १९५० ला ४७ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ७५ पैकी ४२ जागा. बरंबाचा जन्म झाला तो याच फेररचनेत, विरोधी पक्षाच्या बाजूची एक जागा म्हणून. ही गोष्ट किंगरॉयमध्येसुद्धा फार कमी लोकांना माहीत आहे.

१९५७ ला लेबर फुटली आणि कंट्री-लिबरल युतीचं सरकार आलं. त्यांच्या हाती तयार हत्यार आलं होतं, ते त्यांनी टाकून दिलं नाही, आपल्या सोयीने घासून घेतलं. १९७२ च्या निवडणुकीसाठी पुन्हा चार झोन, जागा ८२. दक्षिण-पूर्व, प्रांतिक शहरं, कंट्री, आणि पश्चिम व सुदूर उत्तर. यातली खरी मेख प्रांतिक शहरांची आहे. रॉकहॅम्प्टन, टाउन्सव्हिलसारखी कामगारवस्तीची शहरं भोवतालच्या खेड्यांपासून वेगळी काढली की लेबरची मतं त्या शहरांत ढिगाने साठतात आणि बाहेरच्या ग्रामीण जागा कंट्री पार्टीला बिनघोर मिळतात. १९७२ चा निकाल बघा, लेबर ४६.७ टक्के मतं आणि ३३ जागा, लिबरल २२ टक्के मतं आणि २१ जागा, कंट्री पार्टी फक्त २० टक्के मतं आणि २६ जागा. आणि प्रीमियर कोणाचा? २० टक्केवाल्यांचा. युतीत जागा त्यांच्या जास्त म्हणून.

मतपेटी

अतिशय माहितीपूर्ण प्रतिसाद. एक भर घालतो. १९७४ मध्ये लेबरचा इतका धुव्वा उडाला की ८२ पैकी फक्त ११ आमदार उरले, क्रिकेट टीम म्हणायचे लोक त्यांना. तेव्हा झोन नसते तरी युतीच जिंकली असती, कारण केंद्रातल्या लेबरच्या व्हिटलम सरकारवरचा राग होता. म्हणजे जोचा प्रत्येक विजय नुसत्या झोनचा होता असं म्हणणंही बरोबर नाही. पण १९८६ बघा, तोपर्यंत जागा ८९ झालेल्या आणि कंट्री पार्टीचं नाव नॅशनल पार्टी झालेलं. नॅशनल ३९.६ टक्के मतं आणि ४९ जागा, लेबर ४१.३ टक्के मतं आणि ३० जागा. दुसऱ्या नंबरच्या मतांवर एकट्याचं बहुमत. अर्थात आपल्याकडेही मतांची टक्केवारी आणि जागा यांचा मेळ बसत नाही, पण तो तिरंगी-चौरंगी लढतींमुळे, इथे तर मतदारसंघच लहानमोठे करून ठेवलेले.

खानदेशी_बाणा

मी शेंगदाण्यावर अडकलोय 😄 आमच्याकडे भुईमूग आता कमीच झाला, सगळे कपाशीवर. किंगरॉयला शेंगदाणा इतका कसा काय आणि त्याचा राजकारणाशी काय संबंध?

तांबडमाती

संबंध आहे हो. इथली माती तांबडी, भुसभुशीत, निचऱ्याची, शेंगा उपटायला सोपी. १९२४ मध्ये इथे पीनट मार्केटिंग बोर्ड आलं. शेतकऱ्याने आपला माल बोर्डालाच द्यायचा, व्यापाऱ्याला परस्पर विकायचा नाही, बोर्ड साठवणार, विकणार आणि पैसे वाटणार. किंगरॉयच्या मध्यभागी ते उंच सायलो आजही दिसतात, गावात शिरताना पहिल्यांदा तेच नजरेत भरतात. दुधासाठी सहकारी बटर फॅक्टऱ्या, धान्यासाठी बोर्डं, असं सगळं विणलेलं होतं. कंट्री पार्टीचा पाया हाच. जो माणूस बोर्डाच्या मीटिंगला भेटतो, चर्चमध्ये भेटतो, शो ग्राउंडवर भेटतो, तोच पक्षाच्या शाखेत भेटतो. मग निवडणूक ही वेगळी गोष्ट राहतच नाही. बोर्डाची १९९२ मध्ये कंपनी झाली.

खानदेशी_बाणा

अरे वा, म्हणजे आपल्या १९७२ च्या एकाधिकार कापूस खरेदीसारखंच की. आणि आपल्याकडे साखर कारखान्याचा चेअरमन तोच आमदार, तसंच काहीसं. फरक एवढाच की आपल्याकडे कापूस खरेदीवर शेतकरी खूश कधीच नव्हता, चुकारे वर्ष वर्ष अडकायचे.

नाना_टूवूंबा

माझं मत थोडं वेगळं आहे, मांडतो. टूवूंबाला बरीच वर्षं आहे, कामानिमित्त पश्चिमेकडे शार्लव्हिल, कनामला वगैरे फिरणं झालंय. तिकडे आमदाराला एका गावातून दुसऱ्या गावात जायला अख्खा दिवस लागतो. आठवड्यातून एकदा डॉक्टर येतो. शहराच्या हिशोबाने मतदार मोजले तर सगळ्या पश्चिमेला मिळून दोनतीन आमदार मिळतील आणि त्यांचं ऐकणार कोण? त्यामुळे ग्रामीण मताला थोडं वजन असणं हा अन्याय नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. एक व्यक्ती एक मत हे तत्त्व ऐकायला छान वाटतं पण त्यातून सगळी सत्ता ब्रिस्बेन, गोल्ड कोस्टकडे जाते हेही बघा.

तांबडमाती

नाना, तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही, अंतराचा त्रास खराच आहे. पण बरंबा म्हणजे कनामला नव्हे. ब्रिस्बेनहून गाडीने तीन तासांच्या आत येता येतं. आणि मला सांगा त्या जादा वजनातून सामान्य ग्रामीण माणसाला काय मिळालं? बरंबाला मिळालं हे कबूल आहे, किंगरॉयजवळ टॅराँगचं १४०० मेगावॅटचं कोळशाचं वीज केंद्र आलं, १९८४ पासून वीज द्यायला लागलं, शेकडो नोकऱ्या आल्या, आजही अर्धं नॅनँगो त्यावर चालतं. पण ते प्रीमियरचा मतदारसंघ म्हणून, ग्रामीण म्हणून नव्हे. दुधाचा धंदा बसायचा तो बसलाच, रेल्वे गेली ती गेलीच, आता किलकिव्हन ते किंगरॉय त्या रुळांच्या जागी सायकल ट्रेल आहे. ग्रामीण मताच्या जादा वजनाने एका पक्षाला सत्ता मिळाली, ग्रामीण माणसाला ती मिळाली असं मला तरी दिसत नाही.

आणि दुसरं, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ग्रामीण मताला वजन म्हणता तेव्हा ते कोणत्या ग्रामीण माणसाचं मत? शेरबर्ग हे बरंबाच्या हद्दीतच होतं. त्या माणसांना मतच नव्हतं.

शेरबर्गबद्दल सविस्तर सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने इथे मूळ रहिवाशांसाठी वस्ती केली, नाव बरंबा सेटलमेंट. १८९७ च्या कायद्याने क्वीन्सलँडमधल्या कोणत्याही मूळ रहिवाशाला सरकारी प्रोटेक्टर उचलून कुठल्याही वस्तीत टाकू शकायचा. अख्ख्या राज्यातून, वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या कुळांची माणसं इथे आणून सोडली. मुलांना आईबापांपासून काढून डॉर्मिटरीत ठेवलं. रेशन रांगेत उभं राहून घ्यायचं. बाहेर कामाला पाठवायचे, मुली घरकामाला, पुरुष शेतांवर आणि स्टेशनांवर, आणि पगार सरकारच्या खात्यात. लग्न करायचं तर परवानगी, गावाबाहेर जायचं तर परवानगी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वस्तीचं नाव बदलून शेरबर्ग झालं. म्हणजे १९५० ला नव्या मतदारसंघाला जे नाव दिलं ते वीसेक वर्षं आधीपर्यंत या वस्तीचं होतं, आणि त्या वस्तीतल्या माणसांना त्या मतदारसंघात मत नाही.

क्वीन्सलँडने मूळ रहिवाशांना राज्याच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क १९६५ च्या कायद्याने दिला, अंमल १ फेब्रुवारी १९६६ पासून. सगळ्या राज्यांत शेवटचं राज्य हेच. याच क्वीन्सलँडने १९१५ मध्ये अख्ख्या ब्रिटिश साम्राज्यात सगळ्यात आधी मतदान सक्तीचं केलं होतं! गोऱ्या शेतकऱ्याने मत दिलं नाही तर दंड आणि शेजारच्या वस्तीतल्या माणसाला मतच नाही. १९५०, ५३, ५६, ५७, ६०, ६३, बरंबाच्या इतक्या निवडणुका शेरबर्गशिवाय झाल्या. त्या प्रत्येक वेळी जो ब्येल्की-पीटरसनच निवडून आला. शेरबर्गची मतं असती तरी तोच आला असता बहुतेक, वस्ती लहान होती. पण हिशोब त्याचा नाहीच. ज्या माणसांचं आख्खं आयुष्य सरकार चालवत होतं त्यांनाच त्या सरकारबद्दल मत द्यायची सोय नव्हती.

थर्डमॅन

शेरबर्ग म्हणजे एडी गिल्बर्टचं गाव ना? क्रिकेटवाल्यांना हे नाव माहीत असायलाच हवं. नोव्हेंबर १९३१, ब्रिस्बेन, क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स, त्याने डॉन ब्रॅडमनला शून्यावर काढलं होतं. जेमतेम चारपाच पावलांचा रनअप आणि भन्नाट वेग. २३ फर्स्ट क्लास सामन्यांत ८७ विकेट, देशाकडून मात्र कधीच खेळवलं नाही.

तांबडमाती

हो, तोच. आणि सामना खेळायला वस्तीबाहेर पडायचं तर त्याला प्रोटेक्टरची लेखी परवानगी लागायची. बॉलिंग ॲक्शनवर सतत शंका घेत राहिले. शेवटची अठ्ठावीसेक वर्षं ब्रिस्बेनजवळच्या मनोरुग्णालयात गेली, १९७८ ला वारला, शेरबर्गलाच पुरलंय. ब्रॅडमनला शून्यावर काढणाऱ्या या माणसाला त्या दिवशी स्वतःच्या राज्यात मत नव्हतं. बरंबाच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानावर असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अडकवलेल्या पगारांचं प्रकरणही ताजंच आहे, २०१९ मध्ये क्वीन्सलँड सरकारने कोर्टातल्या सामूहिक दाव्यात १९ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. ज्यांचे पगार होते त्यातले कितीतरी तोवर गेलेले, पैसे वारसांना. शेरबर्गला जुन्या रेशन शेडमध्ये तिथल्याच लोकांनी म्युझियम केलंय. या बाजूला आलात तर बाकी सगळं राहू दे, ते बघा, तिथल्या आज्या स्वतः सांगतात.

शेवंती

वाचून सुन्न झाले. मतदान सक्तीचं आणि बंदीचं एकाच कायद्याच्या पुस्तकात, हे डोक्यातून जात नाहीये. तो १९८८ च्या पोटनिवडणुकीचा भाग पण लिहा ना.

जुना_ब्रिस्बेनकर

तांबडमाती लिहितीलच पण मी तेव्हा ब्रिस्बेनला होतो म्हणून आधी वातावरण सांगतो. मे १९८७ मध्ये एबीसी या सरकारी टीव्हीच्या फोर कॉर्नर्स कार्यक्रमात पोलीस आणि जुगार-वेश्याव्यवसायाच्या साटंलोट्यावर रिपोर्ट आला. जो तेव्हा पंतप्रधान व्हायच्या मोहिमेत दिल्ली, म्हणजे कॅनबेराकडे डोळे लावून बसलेला, उपप्रीमियर बिल गन याने चौकशी लावली, तीच फिट्झजेराल्ड चौकशी. सुरुवातीला वाटलं नेहमीसारखी गुंडाळतील. पण रोज साक्षी, रोज पेपरात नवीन नाव, ऑफिसात लंचला दुसरा विषय नाही. त्याआधी आमच्यासारखे नुकते आलेले लोक रस्त्यावरच्या मोर्च्याजवळ उभे राहायलाही घाबरायचे, कारण १९७७ पासून मोर्च्यांवर बंदीसारखीच परिस्थिती, पोलीस धरून न्यायचे. शेवटी त्याच्याच पक्षाने त्याला काढलं, १ डिसेंबर १९८७ ला राजीनामा आणि माइक अहर्न प्रीमियर. पुढे पोलीस कमिशनर आणि काही माजी मंत्री तुरुंगात गेले. जो ब्येल्की-पीटरसनवर १९९१ ला खोट्या साक्षीचा खटला झाला, ज्युरीचं एकमत झालं नाही, वय बघून परत चालवला नाही.

तांबडमाती

धन्यवाद काका, हे आतून बघितलेल्याने सांगणं वेगळंच.

तर जो विधानसभेतूनही बाहेर पडला आणि एप्रिल १९८८ ला बरंबाची पोटनिवडणूक लागली. नॅशनल पार्टीची राज्यातली सगळ्यात पक्की जागा. उमेदवार वॉरन ट्रस, किंगरॉय शायरचा (शायर म्हणजे इकडची ग्रामीण नगरपालिका) चेअरमन, इथलाच शेतकरी, स्वच्छ माणूस. हरायचं काहीच कारण नाही. आणि हरला! जिंकला ट्रेव्हर पेरेट, सिटिझन्स इलेक्टोरल कौन्सिल नावाच्या संघटनेचा, जी याच साउथ बर्नेटमध्ये तेव्हा नुकतीच सुरू झालेली. ज्या पक्षाने जोला घरी पाठवलं त्या पक्षाचा राग लोकांनी काढला हे एक कारण, सगळे तेच सांगतात. पण मला त्यात आणखी दिसतं. शेतमालाचे पडलेले भाव, कर्जाचे वाढलेले व्याजदर, बँकांची भीती, हे सगळं तेव्हाच्या खेड्यांत होतं आणि ती संघटना त्यावरच बोलत होती. पक्षाने बरंबाला इतकं गृहीत धरलेलं की या जागेत कोणी विचारायला येत नव्हतं. बरंबाच्या मतदाराने पहिली संधी मिळताच पक्ष सोडला, ती जागा त्याने पक्षाला दिलेलीच नव्हती.

पेरेट वर्षअखेरीस नॅशनलमध्येच गेला, पुढे १९९६ ते ९८ शेतीमंत्री झाला. ती संघटना नंतर दुसऱ्यांच्या ताब्यात गेली आणि अमेरिकेतल्या लिंडन लारूशच्या विचारांकडे वळली, तो इथल्या शेतकऱ्यांचा विषय राहिला नाही. आणि हरलेला वॉरन ट्रस? १९९० ला वाइड बेमधून केंद्रीय संसदेत गेला आणि २०१३ ते २०१६ देशाचा उपपंतप्रधान होता. बरंबाने नाकारलेला माणूस.

दहा वर्षांनी पुन्हा तेच. जून १९९८, वन नेशन पक्षाची लाट, राज्यात २२.७ टक्के मतं आणि ११ जागा. १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर बंदुकांचे कायदे कडक झाले, त्याचा खेड्यांत राग होता, शेतीचा राग होता, आणि मूळ रहिवाशांना सवलती मिळतात म्हणून कांगावा होता, हे शेवटचं मी सौम्य करून लिहिणार नाही. बरंबात पेरेट पडला, वन नेशनची डोरोथी प्रॅट आली. वर्षभरात तिनेही पक्ष सोडला, अपक्ष झाली, आणि २००१ ला नॅनँगो नावाने परत आलेल्या जागेवरून अपक्ष म्हणून निवडून आली, २०१२ पर्यंत राहिली. म्हणजे ज्या जागेला देशभर जोची जागा म्हणतात तिने तो गेल्यावर पुढच्या पंचवीस वर्षांतल्या बऱ्याचशा काळात त्याच्या पक्षाला बाहेर ठेवलं.

मतपेटी

सुंदर. १९९८ ला प्रेफरन्सचा पण हात होता ना? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिकडे मतपत्रिकेवर १, २, ३ असे क्रम लिहायचे असतात आणि शेवटच्याची मतं बाद होताना पुढच्या पसंतीकडे जातात.

तांबडमाती

हो, नॅशनल आणि लिबरलने तेव्हा कार्यकर्त्यांमार्फत वाटलेल्या चिठ्ठ्यांवर लेबरला वन नेशनच्या खाली टाकलं होतं, त्यामुळे काही जागा वन नेशनला सोप्या गेल्या. त्या पसंतीच्या हिशोबात त्यांचंच सरकार गेलं, लेबरचा पीटर बीटी ८९ पैकी ४४ जागांवर एका अपक्षाच्या पाठिंब्याने प्रीमियर झाला.

नाना_टूवूंबा

पटलं बरंचसं. शेरबर्गचं मला इतकं माहीत नव्हतं, जाऊन बघेन नक्की. पण मग झोन गेले कधी? आणि आता पश्चिमेच्या लोकांना काहीच सवलत नाही का?

मतपेटी

तांबडमाती उत्तर देण्याआधी आपल्याकडचं एक टाकतो, विषयाला धरूनच आहे. २००८ च्या फेररचनेत आपल्याकडे कराड, राजापूर, इचलकरंजी, पंढरपूर हे लोकसभेचे मतदारसंघ गेले. राजापूर म्हणजे बॅ. नाथ पै आणि मधु दंडवतेंचं. विधानसभेचं मालवण गेलं. मुंबईच्या जागा ३४ वरून ३६ झाल्या, कोकणच्या कमी झाल्या, कारण माणसं मुंबईला गेली. तिकडे माणसं शहरात गेली तरी ग्रामीण जागा झोनच्या जोरावर टिकवल्या. आणि राज्याराज्यांतल्या लोकसभेच्या जागांची वाटणी आपण १९७१ च्या जनगणनेवरच गोठवून ठेवली होती, म्हणजे आपल्याकडेही मतांची किंमत सगळीकडे सारखी नाहीच. तो वाद आता वाढणारच.

तांबडमाती

मतपेटी, राजापूरचं वाचून बरं वाटलं, माझं माहेर तिकडचंच.

नाना, झोन गेले फिट्झजेराल्डमुळे. त्याच्या १९८९ च्या अहवालात निवडणूक आणि प्रशासन तपासायला स्वतंत्र आयोग नेमा असं होतं. डिसेंबर १९८९ ला वेन गॉसच्या लेबरने ३२ वर्षांची सत्ता उलथली, तीही झोन असताना, आणि आयोगाच्या शिफारशींवर १९९२ च्या निवडणुकीपासून झोन बंद झाले. म्हणजे ज्या लेबरने १९४९ ला ते आणले तिनेच काढले. आता सगळ्या जागांना सरासरीच्या १० टक्के वरखाली एवढीच मुभा. बरंबा त्या फेररचनेतून वाचलं आणि १९९९ च्या फेररचनेत गेलं, लागू झालं २००१ ला.

पश्चिमेच्या लोकांसाठी मात्र एक सोय ठेवली आहे आणि ती मला योग्य वाटते. ज्या मतदारसंघाचं क्षेत्रफळ १ लाख चौरस किलोमीटरपेक्षा जास्त आहे त्याच्या मतदारसंख्येत क्षेत्रफळाच्या २ टक्के इतके काल्पनिक मतदार धरतात. ५ लाख चौरस किलोमीटरची जागा असेल तर १० हजार मतदार वाढीव धरले जातात, म्हणजे प्रत्यक्षात तेवढे कमी मतदार असले तरी जागा टिकते. ग्रेगरी, वॉरेगो, कुक यांना त्याचा फायदा होतो. तुम्ही म्हणता ती कनामलाची अडचण यात खरोखर धरलेली आहे, अंतर मोजलंय, कोण कोणाला मत देतो ते मोजलेलं नाही. नॅनँगोला ही सवलत लागू नाही, तेवढी मोठी नाहीच ती जागा. २०१२ पासून तिथून डेब फ्रेकलिंग्टन निवडून येते, मधे विरोधी पक्षनेतीही होती.

जुना_ब्रिस्बेनकर

किंगरॉयला २००५ मध्ये जोच्या सरकारी अंत्यसंस्काराच्या दिवशी मी कामाने तिकडे होतो. गावात गर्दी प्रचंड होती. त्याच दिवशी ब्रिस्बेनमध्ये निदर्शनंही झाली म्हणे. ताई, गावात आता तरुण लोक काय म्हणतात त्याच्याबद्दल?

तांबडमाती

काका, तरुणांना फार पडलेलं नाही. टॅराँगचा कोळसा किती वर्षं चालणार, मग नोकऱ्यांचं काय, हॉस्पिटलला डॉक्टर मिळत नाहीत, असे प्रश्न आहेत. किंगरॉय, नॅनँगो, मर्गन, वाँडाय या चारही शायर २००८ मध्ये एकत्र करून साउथ बर्नेटची एकच कौन्सिल केली, त्याचा राग मात्र मर्गनवाले अजून काढतात. शेरबर्गची कौन्सिल वेगळी आहे, त्यांची ते स्वतः निवडतात. पुढच्या निवडणुकीला मतमोजणीच्या दिवशी शेरबर्गच्या बूथवर कोणाला किती मतं पडली ते इथे टाकेन, निवडणूक आयोगाच्या साइटवर बूथनिहाय आकडे असतात. १९६६ नंतरचे जुने आकडे कोणाला सापडले तर तेही इथेच द्या.